मार्नीने नेलेले निरोप

आमच्या घराला स्वयंपाकघर नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे जागा होती. पण जमिनीच्या फळ्या उचकटलेल्या, भिंतींवरचे तक्ते काढून नुसते उभे वासे राहिलेले, आणि सिंक बाहेर अंगणात आंब्याखाली पालथं पडलेलं. स्वयंपाक मागच्या पायऱ्यांजवळच्या बार्बेक्यूवर व्हायचा आणि भांडी बाथटबमध्ये घासली जायची. माझी मुलगी मार्नी, तिला नुकतंच पाचवं लागलं होतं, ती ताटल्यांबरोबरच टबात बसायची. हा सगळा खटाटोप आपल्यासाठीच काढलाय अशी तिची समजूत होती. आमच्या कपांना तेव्हा शांपूचा वास यायचा.

मेरीबरो गावातलं जुनं लाकडी घर, खांबांवर उभं, वर पत्रा. ते विकत घेताना माझा नवरा फर्गस म्हणाला होता, "सांगाडा भक्कम आहे, बाकीचं आपण करू." फर्गस हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो. भिंत कशी पाडायची, फळी कशी बसवायची, हे तो व्हिडिओ बघून शिकला होता, आणि व्हिडिओतली माणसं कधी चुकत नाहीत, त्यामुळे तोही निर्धास्त होता.

माझे वडील क्लॅरी मात्र जन्मभर नदीकाठच्या गोदीत सुतारकाम करत आले. आई गेल्यावर ते हार्वी बेला समुद्राकाठी एकटेच राहायला गेले. शाळेला हिवाळ्याची सुट्टी लागली आणि फर्गसने हातोडा हातात घेतल्याचं त्यांच्या कानावर गेलं, तसे ते आपली राहायची कॅरॅव्हॅन गाडीला जोडून आले आणि आंब्याखाली सिंकशेजारी मुक्काम ठोकला.

"मदतीला आलोय," ते म्हणाले.

"छान केलंत, क्लॅरी," फर्गस म्हणाला.

पुढचे काही दिवस दोघंही फार सभ्यपणे वागले. मग पटाशीचं प्रकरण झालं.

ती लाकूड कोरायची पटाशी माझ्या डॅडच्या वडिलांची. चामड्याच्या म्यानात, तेल लावून ठेवलेली. डॅड तिला धार लावायला बसले की मार्नीसुद्धा हळू बोलायची. फर्गसला रंगाचा डबा उघडायचा होता. स्क्रू-ड्रायव्हर सापडेना. त्याने हाताला लागलेल्या पहिल्या लोखंडाने झाकण उचकटलं, आणि पात्याचा एक कोपरा तुटून डब्यात पडला.

डॅड दारात उभे होते.

"उघडला का डबा?" त्यांनी विचारलं.

"हो, उघडला," फर्गस म्हणाला.

"छान." एवढंच बोलून ते कॅरॅव्हॅनमध्ये गेले आणि तेव्हापासून त्यांनी फर्गसशी बोलणं बंद केलं. फर्गसने माफी मागायचं मनात घेतलं होतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी डॅड मार्नीशी बोलताना त्याचा उल्लेख 'डबे उघडणारे प्रोफेसर' असा करताहेत हे त्याने ऐकलं. मग त्यानेही तोंड मिटलं.

मी कामाला निघाले होते. डॅड पायऱ्यांवर बसून टोस्ट खात होते.

"जॉस, तुझ्या नवऱ्याला सांग," ते म्हणाले, "ती मागची भिंत पाडलीस तर छप्पर तुझ्या चहाच्या कपात येईल म्हणावं."

"तुम्हीच सांगा की. तो काय, आठ पावलांवर उभा आहे."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

फर्गस आतून मला म्हणाला, "जॉस, डॅडना सांग, ती भिंत कसलाही भार घेत नाही. मी वाचलंय."

"मी जनावरांच्या दवाखान्यात बसते," मी दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "दिवसभर कुत्र्यांच्या मालकांची कटकट ऐकते. घरी येऊन तुमचं टपाल वाटणार नाही."

मार्नी सुताराच्या घोडीखाली बसून वाकडे खिळे आणि सरळ खिळे वेगळे करत होती. "मी वाटते," ती म्हणाली.

कुणी नको म्हणालं नाही. मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळेल.

भिंतीचा वाद असा होता. स्वयंपाकघराला लागून मागच्या बाजूला एक बंद केलेला व्हरांडा होता, अरुंद, लांबोडका. मधली भिंत पाडून एकच मोठी, उजेडाची खोली करायची असं फर्गसच्या डोक्यात होतं. डॅड म्हणत, भिंत राहणार. आणि त्या व्हरांड्यात मार्नीचं दुकान होतं. तिथे ती खिळे, गोगलगायी आणि आंब्याचा मोहोर विकायची. भिंत पडली की दुकान जाणार, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण कळलं होतं.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी बाथरूममध्ये कप विसळत होते. भिंतींचे नुसते वासे उरल्यामुळे घरात कुठेही बोललेलं सगळीकडे ऐकू यायचं. डॅडचा आवाज आला.

"त्या प्रोफेसरला सांग, आडवी पट्टी उलटी ठोकलीय. आंधळ्यालासुद्धा दिसेल."

मार्नीची पावलं फळ्यांवरून पळत फर्गसकडे गेली. आजोबांना ती पॉप म्हणायची. "डॅडी, पॉप म्हणतो तू पट्टी खूप छान ठोकलीस. फक्त ती उलटी आहे."

हातोडा थांबला. "छान म्हणाले?"

"हो. आणि म्हणाला, मार्नीला भूक लागलीय."

"त्यांना सांग, माझं मला कळतं." मग, "पण बघतो म्हणावं."

पावलं परत गेली. "पॉप, डॅडी म्हणतो, थँक्यू, तुला सगळं येतं. आणि तुझ्या डब्यातली बिस्किटं मला चालतात."

रंधा थांबला. "सगळं येतं, असं म्हणाला?"

"हो."

"हं." मग बिस्किटांच्या डब्याचं झाकण वाजलं.

मी उठले नाही. कप विसळत राहिले. संध्याकाळी बघितलं तर पट्टी सुलटी झाली होती, आणि डॅड कुठलंसं गाणं गुणगुणत रंधा मारत होते.

असं चाललं होतं. 'त्या गाढवाला सांग' निघायचं ते पोचेपर्यंत 'पॉप विचारतो, तू दमलास का' व्हायचं. 'म्हाताऱ्याला म्हणावं, जरा गप्प बस' याचं 'डॅडी म्हणतो, पॉप, तू थोडा बस' व्हायचं, आणि डॅड खरोखर बसायचे. प्रत्येक निरोपाच्या शेपटीला मार्नीसाठी काहीतरी लटकलेलं असायचं. कधी बिस्कीट, कधी पॉपची टोपी, कधी मापाची टेप. पटाशीचाही तिने निकाल लावून टाकला होता. डॅडना तिने सांगितलं की डॅडी सॉरी म्हणतो आणि तो अंगणातल्या शेडमागे जाऊन रडला. त्यानंतर डॅडच्या तोंडून 'प्रोफेसर' गेलं आणि 'तो' आलं.

मग फर्गसने भाड्याने मोठा घण आणला. डॅडनी खुर्ची उचलली, भिंतीला टेकवून ठेवली, आणि तीत बसून पेपर उघडला. फर्गस घण धरून उभा राहिला. मार्नीने दोघांकडे बघितलं आणि आधी बापाचा हात धरून त्याला बाहेर पायऱ्यांवर नेलं. मी तिथेच कपडे वाळत घालत होते. माझ्याकडे तिने लक्षच दिलं नाही.

"पॉप म्हणतो, तुझी मोठी खोली खूप हुशार आहे," ती म्हणाली. "पण पॉपला भीती वाटते."

"कसली?"

"छप्पर पडायची. तो म्हातारा आहे ना."

फर्गसने घण खाली ठेवला. "भीती वाटते असं ते स्वतः म्हणाले?"

"हळू आवाजात म्हणाला. आणि म्हणाला, भिंतीत एक छोटं दार केलंस तर त्याला बरं वाटेल."

"छोटं म्हणजे?"

"एवढं." तिने आपल्या डोक्यावर हात ठेवला, मग विचार करून जरा वर नेला. पुढे ती वाढणार होती, तेही तिने धरलं असावं.

मग ती आत गेली. मी ओला टॉवेल हातात घेऊन दाराच्या चौकटीशी सरकले.

"पॉप, डॅडी म्हणतो भिंत राहू दे. तुझंच बरोबर."

पेपर खाली आला.

"पण त्याला भिंतीत छोटं दार हवंय. त्याला लहानपणी नव्हतं."

"काय नव्हतं?"

"दार."

डॅडनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर फर्गसच्या पाठीकडे पाहिलं. फर्गस अनाथाश्रमात वाढलेला नाही. त्याच्या आईवडिलांचं बॅलाराटला दोन मजली घर आहे. पण डॅड तिथे कधी गेले नव्हते.

त्या संध्याकाळी सॉसेजेस उलटवता उलटवता फर्गस मला म्हणाला, "तुझ्या डॅडना बरं आहे ना? एकटे राहून राहून मनाला काही झालं नाही ना?"

"का रे?"

"काही नाही. भिंत राहू दे म्हणतो मी. म्हातारा माणूस आहे."

आणि सकाळी डॅडनी मला कॅरॅव्हॅनच्या दारात थांबवलं. "तुझा नवरा कसल्या घरात वाढला गं?"

"चांगल्या घरात. का?"

"पोरगा बोलत नाही, पण मनात बरंच काही ठेवून आहे," ते म्हणाले, आणि छोट्या दारासाठी जुनी सीडरची फळी शोधायला गेले.

मी काय ते समजले. समजल्यावर शहाण्या बाईने मुलीला समोर बसवून खरं बोलायचं महत्त्व पटवलं असतं. मी तिला समोर बसवलं, पण मला खिडकी हवी होती.

भिंत राहिली म्हणजे स्वयंपाकघर अंधारं राहणार. सिंकच्या वर, आंब्याकडे उघडणारी एक खिडकी मी पहिल्या दिवसापासून मागत होते. डॅड म्हणायचे तिथे कपाटं येणार, फर्गस म्हणायचा तिथे कॉफीचं मशीन. या एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं.

मार्नीने माझं सगळं ऐकून घेतलं. "खिडकी अवघड आहे," ती म्हणाली.

"तुला काय हवंय?"

"शांपू नाही."

"किती दिवस?"

"कायमचा."

शेवटी रविवारपर्यंत ठरलं, आणि वर तिने माझा लाल रुमाल घेतला.

फर्गसला तिने काय सांगितलं ते मला स्पष्ट ऐकू आलं: "पॉप म्हणतो, सिंकवर खिडकी पाहिजे, पण ती फक्त तुलाच जमेल, दुसऱ्या कुणाला नाही." फर्गसने लगेच पेन्सिल कानावर लावली. डॅडकडे मात्र ती बराच वेळ कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसली होती. मी टबाच्या काठावर बसून कान देत होते.

"डॅडी म्हणतो, खिडकी केली की मम्मीला भांडी घासताना तू दिसशील."

हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. थोड्या वेळाने मापाची टेप ओढल्याचा आवाज आला, आणि मी साबणाचे हात तसेच धरून बसून राहिले.

खिडकीची चौकट दोघांनी मिळून बसवली, एकमेकांशी एक अक्षर न बोलता. मार्नी मध्ये उभी राहून 'थोडं वर', 'थोडं खाली' इकडून तिकडे देत होती, आणि तेवढं मात्र ती बरोबर देत होती.

पण माणूस कामात मुरला की आळशी होतो. छोट्या दाराची चौकट उभी राहिली. फर्गसला बिजागरीसाठी लाकडात खाच पाडायची होती. "पॉपना सांग," तो म्हणाला, "खाच मीच पाडणार, पण हत्यार कुठलं वापरू?" मार्नी निघाली. वाटेत तिला शेजारच्या नोरीनची मांजर भेटली. मांजरीशी काही वेळ घालवून ती तिथूनच परत फिरली.

"पॉप म्हणतो, माझी पटाशी घे. ती आता तुझीच."

फर्गसचे डोळे भरून आले, हे त्याने नंतर स्वतःच कबूल केलं. तो कॅरॅव्हॅनशी गेला, हत्यारांच्या पेटीतून ते चामड्याचं म्यान उचललं, आणि परत येऊन गुडघ्यांवर बसून खाच पाडू लागला. डॅड तेव्हा शेडमध्ये होते. ठोकण्याचा आवाज ऐकून ते आत आले.

मी तिथे नव्हते. पुढचं मला तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं आहे, पण बोलणं साधारण असं झालं.

"रडलास म्हणून मी सोडून दिलं होतं," डॅड म्हणाले. "आणि तू परत तेच?"

"कोण रडलं?"

"तू. शेडमागे."

"मी शेडमागे गेलोच नाही. आणि तुम्हीच दिलीत ना मला ही?"

"मी दिली? मी मेलो तरी देणार नाही."

"तुम्ही नाही का म्हणालात, ती आता तुझीच? आणि ते छपराचं, तुम्हाला भीती वाटते..."

"मला? भीती?" डॅड म्हणाले. "आणि तुला ते लहानपणी दार नव्हतं, ते?"

"आमच्या घराला बारा दारं आहेत, क्लॅरी."

मग दोघांनी एकदमच मान वळवली. मार्नी नव्या चौकटीतून सुळकन व्हरांड्यात गेली आणि प्लायवुडचा तुकडा ओढून तिने तोंड बंद केलं. व्हरांड्याचं मोठं दार घरातल्या बोळातून होतं, पण बोळात फ्रिज, ओव्हन आणि सगळी कपाटं रचलेली. आत जायला वाट एकच, आणि ती मार्नीच्या मापाची.

मी फिश अँड चिप्सचं पुडकं घेऊन घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात मला दोन बुडं दिसली. एक डॅडचं, एक फर्गसचं. डोकी भिंतीच्या पलीकडे. प्लायवुड त्यांनी ढकलून पाडलं होतं आणि दोघं खांद्याला खांदा लावून चौकटीत घुसले होते.

"मार्नी, बाहेर ये," फर्गस म्हणत होता.

"मार्नी घरात नाही."

"मग कोण बोलतंय?" डॅड म्हणाले.

"दुकान. बंद आहे."

"पॉपना भीती वाटते, हे कुणी सांगितलं तुला?"

आतून खिळे खुळखुळले. मग, "पॉप म्हणतो..."

"पॉप इथे आहे," डॅड म्हणाले. "पॉप काहीही म्हणत नाहीये."

"तुम्ही नीट म्हणत नाही," मार्नी म्हणाली, आणि तिचा आवाज आता रडवेला झाला होता. "म्हणून मला म्हणावं लागतं. तो सारखा गाढव म्हणतो आणि तू सारखा म्हातारा म्हणतोस, आणि मलाच सगळं घेऊन जावं लागतं."

दोन्ही बुडं स्थिर झाली.

"आणि खिडकी माझी नाही," ती पुढे म्हणाली. "खिडकी मम्मीची आहे. त्याचं मला विचारू नका."

दोघांनी डोकी बाहेर काढायचा प्रयत्न केला. निघेनात.

"आधी तू हल," डॅड म्हणाले.

"तुमचा खांदा माझ्या मानेवर आहे. तुम्ही हललात तर मी हलीन."

"खांदा माझाच आहे, कळतंय मला. डावीकडे सरक. डावीकडे. भूगोल शिकवतोस ना?"

फर्गसला हसू फुटलं. चौकटीत अडकलेला माणूस हसला की शेजारच्यालाही हादरे बसतात. थोड्या वेळाने डॅडही हलायला लागले, आणि ते हसताहेत की त्यांना काही होतंय हे मला मागून कळेना. शेवटी मी पुडकं खाली ठेवून दोघांचे पट्टे धरून त्यांना एकेक करून ओढून काढलं. त्यांच्या भुवया भुशाने पांढऱ्या झाल्या होत्या. ते जमिनीवर बसून माझ्याकडे बघू लागले.

"खिडकी तुझी?" फर्गस म्हणाला.

"मासे गार होताहेत," मी म्हटलं.

मासे आम्ही तिथेच फळ्यांवर बसून खाल्ले. मार्नीचा वाटा फर्गसने छोट्या दारातून आत सरकवला. काही वेळाने एक हात बाहेर आला आणि मीठ मागून गेला.

खाऊन झाल्यावर फर्गस म्हणाला, "क्लॅरी, पटाशीचं मला खरंच वाईट वाटलं होतं. पहिल्याच दिवशी. फक्त रडलो नाही."

"माहीत आहे," डॅड म्हणाले. त्यांनी पटाशी उचलून उजेडात धरली. "कोपरा घासून काढता येईल. पण मेल्या, डबा? पुट्टीची सुरी तिथेच पडली होती."

दार दुसऱ्या दिवशी लागलं. बिजागऱ्या डॅडनी स्वतः बसवल्या, फर्गसला हात लावू दिला नाही. नंतर खालचे ड्रॉवर आले तेव्हा लक्षात आलं की दार चुकीच्या बाजूला उघडतं आणि चमच्यांचा ड्रॉवर त्यावर आपटतो. फर्गसने ते तीन-चारदा उघडून, मिटून पाहिलं.

"क्लॅरी," तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "दार उलटं लागलंय."

"मुद्दाम," डॅड म्हणाले, आणि चहा ओतायला गेले. ते अजूनही तसंच आहे. त्या भिंतीवर छपराचा भार आहे की नाही, तेही अजून कुणाला माहीत नाही.

आता दोघं एकमेकांशी थेट बोलतात, म्हणजे दिवसभर भांडतात. बाथरूमच्या फरशा सरळ लावायच्या की तिरक्या, यावर सकाळच्या चहापासून जुंपते ती अंधार पडेपर्यंत. शाळा सुरू झाली तरी डॅडची कॅरॅव्हॅन हलली नाही. फर्गस शाळेतून येतो, बॅग ठेवतो आणि कपडे न बदलता कालचं भांडण पुढे चालू करतो.

निरोपांचं काम बंद पडलं आणि मार्नी रिकामी झाली. एका शनिवारी मी माझ्या नव्या खिडकीतून पाहिलं, तर ती कुंपणाशी उभी होती आणि पलीकडे शेजारची नोरीन वाकून तिचं ऐकत होती. नोरीनने तोंडावर हात नेला. मग ती घाईने घरात गेली आणि भांडंभर पॅशनफ्रूट घेऊन बाहेर आली.

मी खिडकी उघडली. "मार्नी, नोरीनला काय सांगितलंस?"

"तू सांगितलेलंच," ती म्हणाली, आणि एक पॅशनफ्रूट दाताने फोडलं.

मी तिला काहीही सांगितलेलं नव्हतं. काय सांगितलं ते तिने आजवर कबूल केलेलं नाही, आणि नोरीनला विचारायचा मला धीर होत नाही. फक्त तेव्हापासून नोरीन रस्त्यात भेटली की माझा हात दोन्ही हातांत घेते आणि म्हणते, "होईल गं सगळं ठीक. धीर सोडू नकोस."